निळ्या काठाची थाळी

मथुरा विलायतेहून परत आली ती एकोणीसशे पस्तीसच्या मार्चात. बोट बंदरात उभी राहिली, पडाववाल्यांनी तिच्या दोन ट्रंका उतरवून घेतल्या आणि मिरकरवाड्यातल्या बायका किनाऱ्यावर गोळा झाल्या. खारव्याची पोर सायबाच्या मुलखात नर्सिंग शिकून आलेली, बघायला कोण येणार नाही? गोरी झाली की काय, हातानं जेवायचं विसरली की काय, सगळं त्यांना तपासून घ्यायचं होतं. मथुरा हसत होती, म्हाताऱ्यांच्या पाया पडत होती, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिच्याजवळ एक निरोप होता. निरोप कसला, प्रश्नच. स्कॉटलंडातल्या एका बाईनं निघताना तिचे दोन्ही हात घट्ट धरून विचारला होता. "माझी पोर उपाशी गेली का? एवढं मला कळव. दुसरं काही नको."

ती पोर म्हणजे एल्सी. आता एल्सी कोण ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही.

रत्नागिरीत मिशनचा एक दवाखाना होता. मथुराचा बाप होडीसकट समुद्रात गेला तेव्हा तिची आई हिरा त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मासे घालू लागली. तिच्या पाटीमागून फिरणारी पोर तिथेच शिकली, तिथेच नर्सिंगला बसली. धर्म बदलला का, असं विचारायची वाड्यात कुणाची छाती झाली नाही, कारण हिराचं तोंड सगळ्यांना माहीत होतं. मग मिशनवाल्यांनी एक टूम काढली. इथली एक विद्यार्थिनी सहा महिने तिकडच्या हॉस्पिटलात शिकेल आणि तिकडची एक इकडे येईल. फक्त अदलाबदल. मथुरा जायची ठरली आणि एल्सी आली.

एल्सीही कोळणीचीच लेक निघाली. तिची आई मॅगी तिकडच्या बंदरावर हेरिंग नावाचे मासे चिरून मिठात घालायची. जायच्या आधी दोघी पोरी पंधरा दिवस एकत्र होत्या. मथुरानं तिला आपली खाट दिली, मच्छरदाणी दिली आणि आपली एनॅमलची निळ्या काठाची थाळीही दिली. हिरानं तिची ओटी भरली. "माझी जातेय, तू आलीस. घर रिकामा नको," असं म्हणाली. एल्सीला काय कळतंय! ती बिचारी नारळ पोटाशी धरून नुसती उभी राहिली.

पुढे दर रविवारी एल्सी दुपारची जेवायला हिराकडे यायची. तिच्या काळ्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल होते. घराच्या चिऱ्याच्या तीन पायऱ्या ती टाक, टाक, टाक अशी चढायची, तिसऱ्या पायरीवर बसून नाड्या सोडायची आणि अनवाणी आत यायची. शब्द शिकली होती चारच. आये, मासा, भूक, पुरे. त्यातला 'पुरे' तिच्या तोंडून कधी ऐकला नाही, असं शेजारची गंगुबाई सांगे. नाताळाच्या आधी तिला मुदतीचा ताप आला, तोच ज्याला दवाखान्यात टायफॉइड म्हणतात. जानेवारीत ती गेली. बावीस वर्षांची होती हो!

तिकडे मॅगीच्या हातात तार पडली तेव्हा मथुरा तिथेच होती, सुट्टी म्हणून तिच्याकडे राहायला आलेली. तार आली एका दिवसात, पण पत्रं यायची बोटीनं. त्यामुळे पुढचे तीन आठवडे मेलेल्या पोरीची पत्रं येत राहिली. हिराबाई मला मासे खायला घालते, मी तिला आये म्हणते, इथे डिसेंबरातही घाम येतो. मॅगी एकही उघडायची नाही. मथुरानं वाचायचं आणि मॅगीनं भिंतीकडे तोंड करून ऐकायचं, असं चाललं. शेवटचं पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहून घेतलेलं होतं. त्यात म्हटलं होतं, "आई, मला फार भूक लागते. हे दुधाशिवाय काही देत नाहीत."

ते ऐकून मॅगी खालीच बसली. मग मथुराला कळलं की मॅगीचा मुलगा जेमी चार वर्षांपूर्वी याच तापात गेला होता. डॉक्टरनं बजावलं होतं, आतडं नाजूक झालंय, घट्ट काही पोटात गेलं तर फुटेल. जेमी पावाचा तुकडा मागत राहिला. पाव घरात होता, फडताळात. मॅगीनं दिला नाही, आणि तो तसाच गेला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी पावाची एक कापटी काढून टेबलावर ठेवायची आणि सकाळी पाखरांना घालायची. मथुराला वाटलं होतं ती पाखरांसाठीच असते.

तर हा प्रश्न घेऊन मथुरा घरी आली. हिरानं तिला मिठी मारली, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, "वाळलीस गो बाय," म्हणाली. पण हिराच वाळली होती. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. आणि तोंड? ज्या तोंडाला अख्खा बाजार भ्यायचा, ते बंद. मथुरानं एल्सीचं नाव काढलं की ती उठून चुलीपाशी जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरानं पानं घेतली. मथुराला वाढलं, आणि दाराकडे तोंड करून ती निळ्या काठाची थाळी मांडली. मऊ भात, वर मुडदुशीचं कालवण. मुडदुशी म्हणजे खाडीच्या तोंडाशी मिळणारा बोटभर लांबीचा गोरापान मासा. स्वतःला मात्र हिरानं वाढून घेतलं नाही. भिंतीला पाठ लावून बसली.

"ही कुणाची, आये?"

"जेव तू."

मथुरानं पहिला घास उचलला आणि बाहेर पायरीवर आवाज आला. टाक. मग दुसरा. मग तिसरा. चिऱ्यावर लोखंड वाजावं तसा, अगदी स्पष्ट. भर दुपारची वेळ, बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. तिसऱ्या पायरीवर आवाज थांबला. हातातला घास तसाच ठेवून ती दारात गेली. पायऱ्या रिकाम्या. समोर वाळत घातलेली जाळी, पलीकडे समुद्र, चिटपाखरू नाही. मात्र कार्बोलिक साबणाचा वास आला, दवाखान्यातल्या पोरींच्या हातांना येतो तो. आपल्याच हातांना येत असेल म्हणून तिनं हात हुंगले. त्यांना भाताचा वास होता.

आत हिरा थाळीकडे बघत पुटपुटत होती, "ये गो बाय, बस. आज काटा नाय ठेवला."

संध्याकाळी मथुरानं गंगुबाईला गाठलं. गंगुबाई मुळात एकाचं दोन करून सांगणारी, पण त्या दिवशी ती हळू आवाजात बोलली. एल्सीला पुरलं ख्रिस्तावांच्या दफनभूमीत, तरी हिरानं घरात तिचे दहा दिवस पाळले. जिथे पोरगी जेवायला बसायची तिथे दिवा ठेवला. दहाव्या दिवशी आपल्याकडे करतात तसं दिव्याजवळ तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. मेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, त्याची पावलं पिठात उमटतात म्हणतात. कुणाला पाखराचे पाय दिसतात, कुणाला मुंगीची रांग. "मी स्वतः टोपली उचललंय," गंगुबाई म्हणाली. "पिठात बुटाची टाच होती गो, नालासकट. पोर कुठल्याच जन्माला गेली नाय. हयसरच हाय."

"आईनं काय केलं?"

"काय करतेय! त्या दिवसापासून थाळी मांडतेय. दुपारची स्वतः जेवत नाय. मी विचारलंय तर माझ्या अंगावर धावून आली."

मथुरा शिकलेली मुलगी. ताप कशानं येतो, भ्रम कशानं होतो, सगळं तिनं वहीत लिहून घेतलं होतं. पण पायरीवरचा आवाज त्या वहीत कुठे बसवावा, हे तिला समजेना. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात हजर झाली आणि मोठ्या सिस्टरकडे एल्सीचा केसपेपर मागितला. एकवीस दिवसांचा ताप, चढउताराची रेघ, रोज लाल शाईत तेच वाक्य: फक्त दूध आणि बार्लीचं पाणी, घट्ट काही नाही. बाजूला कुणा नर्सनं लिहिलं होतं, रोगी सारखं खायला मागते. मग ताप उतरू लागलेला. मग शेवटचा दिवस. दुपारी दोन वाजता पोटात अचानक कळ, पोट लाकडासारखं कडक. पहाटे मृत्यू.

म्हणजे उपाशीच गेली. मथुरा तिथेच बाकावर बसून रडली. सातासमुद्रापलीकडे भिंतीकडे तोंड करून बसलेली ती बाई तिला दिसू लागली. तिला हे कसं कळवायचं? पण शब्द दिला होता. पुढच्या सकाळी तिनं कागद घेतला आणि इंग्रजीत पत्र लिहिलं. दुपारी हिरा थाळी मांडत असताना ती म्हणाली, "आये, एल्सीच्या आईला कळवतेय. तिनं एकच विचारलंय, पोर उपाशी गेली का म्हणून. मी लिहिलंय, होय, उपाशी गेली."

हिराच्या हातातला कालवणाचा डाव खाली पडला.

"कोण म्हणतो उपाशी?" ती ओरडली. बाजारातला तिचा जुना आवाज होता तो. "कोण मेला म्हणतो? माझ्या दारात आलेली पोर मी उपाशी घालवीन? फाड तो कागद!"

आणि मग बांध फुटला. "ताप उतरला होता गो. पोर नुसती काटकी झाली होती. मी मासे टाकायला गेलंय की हात धरायची. आये, भूक. आये, भूक. मोठ्या सिस्टरला सांगितलंय तर तिनं मला हाकलून दिलान. तुला देवीतून उठवली ती कशानं? मुडदुशीनं. बाळंतिणीला देतात, आजाऱ्याला देतात, तेल नाय, वातूळ नाय. घाईघाईनं कालवण केलंय, मऊ भातात कालवलंय, डबा पाटीत माशांच्या खाली घातला आणि नेला. वास आला तरी कोण काय म्हणणार, माझ्या पाटीला मासळीचाच वास. मी भरवला तिला. बारा वाजता. सगळा खाल्लान. बोटं चाटलीन. आणि 'पुरे' म्हटलान, मथुरे. पहिल्यांदा पुरे म्हटलान."

मथुराला बारा ऐकू आले आणि त्यामागोमाग केसपेपरावरचे दोन. अशी संतापली ती! चार वर्षं ज्या वॉर्डात ती रोग्यांच्या नातेवाइकांना हेच सांगत उभी राहिली, गोड बोलून, दटावून, डबे काढून घेऊन, त्याच वॉर्डात तिच्या सख्ख्या आईनं माशांच्या खाली भात लपवून नेला होता.

"आये, काय केलंस हे! कुणाला विचारलंस तरी?"

"म्हणून तर तुझी वाट बघत होतंय," हिरा म्हणाली. आता आवाज अगदी बारीक झाला होता. "तू शिकून आलंयस. खरं सांग. माझ्या भातानं गेली?"

त्या क्षणी बाहेर टाक झालं. दोघींनी ऐकलं. टाक. टाक. तिसऱ्या पायरीवर थांबलं. जणू उत्तर ऐकायलाच कुणी येऊन बसलं. मथुराला आठवलं, तिकडच्या हॉस्पिटलात दोन डॉक्टर यावरूनच भांडायचे. म्हातारा म्हणायचा फक्त दूध, तरणा म्हणायचा उपासानंच अर्धे मरतात, आणि न खाताही आतडं फुटतं. यातलं सोयीचं तेवढं आईला सांगता आलं असतं. पण बारा आणि दोन तिला गिळवेनात.

"नक्की कुणालाच सांगता यायचं नाही, आये. न खाताही व्हायचं असतं तर झालं असतं. पण दोन वाजता तिच्या पोटात कळ आली. भातानं असेल. बहुतेक भातानंच."

हिरा रडली नाही. तिनं मान हलवली. "वाटलाच होता. म्हणून येतेय ती. हिशेब विचारायला येतेय."

"मी काही लिहीत नाही," मथुरा म्हणाली. "मॅगीनं मिशनला कळवलं तर तुझी पाटी बंद होईल आणि मलाही काढतील. पत्रच नको."

"आणि तिची आवस, तिला जन्म दिलान ती? ती काय समजणार, पोर भुकेली गेली? जन्मभर?" हिरानं डाव उचलून पुसला. "लिही. माझ्या नावानं लिही. मी दिला, मी भरवला, आणि त्यानं गेली. पण पोटभर खाऊन गेली. पुरे म्हटलान, ते पण घाल."

मथुरानं लिहिलं. मासा कुठला, भात किती मऊ, डबा कसा नेला, हिरानं एकेक सांगितलं आणि खाली अंगठा उठवला. पत्र बोटीनं गेलं. मग सुरू झालं वाट बघणं. चैत्र गेला, आंबे उतरले, पेट्या मुंबईला रवाना झाल्या. रोज दुपारी हिरा तेच कालवण करी, तीच थाळी मांडी. चाखायची मात्र नाही, मेलेल्याच्या नावाचं चाखायचं नसतं म्हणे. रोज दुपारी पायरीवर तीनदा टाक वाजे. मथुराची सुट्टी असली की तीही बसे. भीती गेली होती असं नाही, पण भीतीबरोबर बसायची सवय झाली होती.

मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या जरा आधी, पत्र आलं. मथुरानं ते दवाखान्यात उघडलं नाही. तशीच घरी धावली. हिरानं नुकतीच थाळी मांडली होती. "वाच," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिकडे मॅगी बसायची अगदी तशी.

पत्र मोठं नव्हतं. मथुरा थांबत थांबत मराठीत सांगत गेली.

"हिराबाई, तुमचं पत्र वाचून तीन दिवस मी तुम्हाला शिव्या दिल्या. बंदरावर सगळ्यांना ऐकू जातील अशा दिल्या. चौथ्या दिवशी जेमी आठवला. मी डॉक्टरचं ऐकलं आणि माझा मुलगा गेला. तुम्ही ऐकलं नाही आणि माझी मुलगी गेली. दोघंही गेलीच. पण तो माझ्याकडे हात पसरून गेला, आणि तिला कुणीतरी आपल्या हातानं भरवलं. मी तिथे असते तर पुन्हा ऐकलंच असतं डॉक्टरचं, मला माहीत आहे. मिशनला मी काही कळवलेलं नाही. 'पुरे' म्हणजे काय ते मथुरानं मला शिकवलं होतं. परवा संध्याकाळी मी पाव कापला तो टेबलावर ठेवला नाही. खाल्ला."

हिरा वळली नाही. तिची पाठ हलत होती, आवाज नव्हता. मथुरानं कागद मिटला. दोघी थांबून राहिल्या. सूर्य माथ्यावरून कलला, दारातली उन्हाची पट्टी उंबरा सोडून पायरीवर उतरली. थाळीतल्या कालवणावर साय धरली. बाहेर समुद्राचा आवाज होता, जाळी विणणाऱ्या कुणाचं तरी खोकणं होतं. दुसरं काही नाही.

"आज नाय आली," हिरा म्हणाली.

"नाही आली, आये."

"येणार नाय आता." आणि तेव्हा ती रडली, मोठ्यानं, गंगुबाई धावत यावी इतक्या मोठ्यानं. चार महिने जिला घाबरत होती, ती गेली म्हणून पोटच्या पोरीसाठी रडावं तशी रडली. मथुरानं तिला धरून ठेवलं.

मग हिरानं पदरानं डोळे पुसले, थाळी आपल्याकडे ओढली आणि गार झालेला भात कालवला. चार महिन्यांत दुपारचा पहिला घास. तोंडात घातला आणि ती तशीच थांबली.

"काय गो आये?"

"मीठ कमी हाय," हिरा म्हणाली. "रोज ह्याच अंदाजानं घालतंय. त्या दिवशी पण चाखायला वेळ नव्हता. तेव्हा पण असाच अळणी असणार." तिनं थाळीच्या निळ्या काठावरून बोट फिरवलं. "आणि पोरीनं सगळा खाल्लान. एका शब्दानं बोलली नाय."